दोन चौकटी उशिरा

तिबिलिसीच्या जुन्या स्टुडिओत, तिसऱ्या मजल्यावर,
अकरा बायका होत्या, अकरा टेबलं
आणि एकच खिडकी, तीही काळ्या रंगानं बुजवलेली.
पांढरे सुती हातमोजे त्या रात्री धुवायच्या,
रेडिएटरवर वाळत घालायच्या.
सकाळी ते ताठ झालेले असत,
कुणाला तरी थांब म्हणत असल्यासारखे.

दिग्दर्शक यायचे ते दारातच उभे राहायचे.
आत सिगारेट चालत नसे.
फिल्म पेट घेते, आणि झुझुना त्याहून लवकर.
हे मला आईनं सांगितलं. ती सातव्या टेबलावर.

"इथून काप," साहेब म्हणायचे.
झुझुना पट्टी दिव्यासमोर धरायची,
ओठांत मेणाची पेन्सिल,
आणि कापायची तिथून
जिथून तिला कापायचं असे.
पडद्यावर बघून साहेब खूश:
"बघ, मी म्हणालो नव्हतो?"

एका चित्रपटात एक विधवा पत्र वाचते.
तिची पापणी लवते. आठ चौकटी,
म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा.
साहेबांनी तो तुकडा टाकून दिला होता.
झुझुनानं केर काढताना तो उचलला,
तोंडाची वाफ देऊन पुसला,
जोडला.
बक्षीस आलं, कोटाला लागलं.
कोट कुणाचा, सगळ्यांना ठाऊक आहे.
पापणी कुणाची, तेही.
मधला जोड कुणाला दिसला नाही.
दिसला असता तर तो चुकला असता,
हेच तर या कामाचं दुखणं.

काल तोच चित्रपट आम्ही पुन्हा लावला,
चढावरच्या बंद पडलेल्या बेकरीच्या अंगणात.
पडदा म्हणजे तीन चादरी, एकमेकींना शिवलेल्या.
यंत्रावर मारेखी. फोकस माझ्याकडे.
गळ्यात वायरींचं वेटोळं घेऊन सोपो,
सात महिन्यांची पोटुशी, शिडीवर.
बाल्कनीतून एकानं विचारलं,
"पोरींनो, तुमचा ऑपरेटर कुठाय?"
मारेखीनं मान वर केली नाही.
"जेवायला गेलाय," सोपो म्हणाली,
"एकोणीसशे सत्तर साली."

शेवटी जोडायला नावांची पाटी केली होती आम्ही.
सहाजणी जिवंत सापडल्या.
चौघींची नावं कबरींवरून उतरवून आणली,
दगडावरचं शेवाळ नखानं खरवडत.
एकीचं टोपणनावच काय ते मिळालं:
चिती, म्हणजे पाखरू.
तेच लिहिलं.

झुझुना पहिल्या रांगेत, शहाऐंशीची,
गुडघ्यांवर कुणाचं तरी जाकीट.
गोष्ट ती बघतच नव्हती.
तिचं बोट खुर्चीच्या हातावर
प्रत्येक जोडाला एकदा आपटत होतं,
पडद्याच्या किंचित आधी.
पापणीपाशी मात्र ते थांबलं.
अधांतरी.
मग पुन्हा सुरू.

नावं आली. टाळ्या.
कुणीतरी हुंदका दिला, बहुतेक मीच.
तिचं नाव आलं तेव्हा ती चश्मा पुसत होती.
सोपो पोट सांभाळत वाकली, "दिसलं का?"

"दिसलं," झुझुना म्हणाली.
"तो पुलावरचा जोड. दोन चौकटी उशिरा आहे.
तेव्हाच सांगितलं होतं मी त्याला."
आणि हात पुढे केला,
मोजा चढवायला बोटं फाकवावीत तसा.
"कात्री कुणाकडे आहे?"