बाजू पहिली, सतरा मिनिटे

बोस्त्यांवचा फोन आला तेव्हा मी वीजखात्याच्या खिडकीत
उसकईच्या एका म्हाताऱ्याची थकबाकी बघत होते.
"ये गो," म्हणाला, "तुज्या बापायचें घुमट मेळ्ळां."

घुमट कसलं. तबकडी होती.
म्हापशाला अल्तिन्योच्या चढावर त्याचं दुकान,
रेडिओंची पोटं उघडी, सोल्डरचा वास,
आणि काउंटरवर वाळवीने कोपरे खाल्लेलं पाकीट:
पुढे निळा कोंबडा आणि दाढीवाले पाच गोरे,
गुडघाभर नदीत, कुणीतरी यायचंय असे उभे.
मागे काळापांढरा फोटो. आमचा सोपा.
कडेला कापलं गेलेलं एक कोपर,
कोपराखाली घुमट, गळ्याला काथ्या गुंडाळलेलं.
तो काथ्या मी ओळखते.
चवथीच्या आदल्या रात्री तडा गेला होता
आणि दिवचलीच्या कुंभाराकडे जायला वेळ नव्हता.

खाली बारीक अक्षरांत नावं. बासरी अमुक, मँडोलिन तमुक,
सगळ्यात शेवटी, मातीचा ढोल: बॉबी सो.

बाबुसो.
बाबुसो हरमलकर, शापोऱ्याचा, रांपणीवरचा.
बॉबी सो!
बोस्त्यांव इतका हसला की त्याला खोकला लागला,
मग रुमालाने सुई पुसून टेकवली.

मिनिटाला तेहेतीस फेरे, वर एकाचा तिसरा हिस्सा.
तो हिस्सा कशासाठी, त्यालाही माहीत नाही.

एकच गाणं, अख्खी बाजूभर.
आधी बासरी, पहाटेच्या शेतातली म्हैस जशी,
दिसायच्या आधी ऐकू येणारी.
मग बारा तारांची गिटार, मग कसलीशी पेटी
जिच्यात व्हायोलिनवाल्यांचा घोळका कोंडून ठेवलाय.
गोरा गातो, बहुतेक एका गिरणीबद्दल.
माझं इंग्रजी बिलापुरतं.

नवव्या मिनिटाला सगळे थांबतात.

एक थाप. ओली.
डावा तळवा मागचं तोंड झाकतो, सोडतो,
विहिरीत बुडताना कळशी म्हणते ते अक्षर.
हळूहळू बाकीचे परत येतात,
ते सातात, बापूय चारात.
सांगितलं असेल कुणी बोटं नाचवून, सात रे, सात.
तो कुणाच्या मोजणीत बसला नाही कधी,
ना सोसायटीच्या, ना ट्रॉलरवाल्यांच्या, ना आईच्या.

मी पेरांवर मोजत बसले.
त्यांचे चार फेरे, त्याचे सात,
माझ्या दोन्ही हातांची अठ्ठावीस पेरं संपली
की दोघे एका उंबऱ्यावर.
परत लांब. परत उंबरा.
त्याच्या हातांना सव्वीसच होती,
करंगळीची दोन रांपणीच्या दोराने नेलेली.
तरी एकदाही चुकला नाही.

बाराव्या मिनिटाला, करकरीच्या आडून,
"सवकास रे."
बासरीवाल्याला म्हणाला असेल.
बोस्त्यांवने डोकं खाली घालून
नसलेला स्क्रू शोधला.

पाकिटावर चिठ्ठी साडेतीन हजारांची.
"तुजेकडसून सोळाशें," म्हणाला, "आणि माझ्या मीटरचं तेवढं बघ."

संध्याकाळपर्यंत त्याचाच प्लेअर उसना आणला, रिक्षात मांडीवर.
आईला आता ऐकू येत नाही.
स्पीकरच्या कापडावर तिने तळवा ठेवला,
देवाच्या पेटीवर ठेवतात तसा नाही,
तवा तापला का बघतात तसा.
गोऱ्यांचं सगळं हातातून जाऊ दिलं.
नववं मिनिट आलं आणि बोटं आखडली.

"जेवणांत मीठ उणें जालें की पाटार अशेंच मारतालो."
मग थोड्या वेळाने,
"तीन दीस घरा येवंक ना. हांवें म्हळें, बुडलो."

मी तबकडी उलटायला घेतली.
दुसऱ्या बाजूला तो नाही, हे तिला मी सांगितलं नव्हतं.
ती उठली होती. म्हणाली,
"पुरो. नळ येता आतां, बालद्यो लाव."