विचाराधीन

खोली नंबर एकोणीस, खिडकी पश्चिमेला.
मी आधी आले म्हणून कपाट माझं, टेबल माझं,
आरशावरचा खिळासुद्धा माझा होता,
सव्वीस दिवस.

सत्ताविसाव्या दिवशी यशोधरा गजभिये आली.
पवनीच्या एसटीच्या टपावरून उतरली तिची पत्र्याची पेटी,
सुतळीने बांधलेली गादी
आणि एक कूलर, मामाने भंगारातून उचलून दुरुस्त केलेला.
जुलैत कूलर कोण आणतं?
"उन्हाळा का चुकते कोणाले," ती म्हणाली.

मी खडूने रेघ ओढली, दारापासून खिडकीपर्यंत.
ती भांडली नाही.
झाडताना रेघेपाशी केरसुणी थांबवायची फक्त,
माझी धूळ मला ठेवायची.

एकदा मी तापाने पडले होते, ती खाली निघाली होती.
घडी घातलेला कागद दिला तिच्याकडे,
रेक्टरबाईंना दे म्हटलं.
विषय: खोली बदलून मिळणेबाबत.
कारण: सवयी जुळत नाहीत.
सवयी. हा शब्द मी घरून आणला होता
लोणच्याच्या बरणीबरोबर,
तेल सांडू नये म्हणून फडक्यात बांधून दिलेला.

उत्तर आलं नाही.
सरकारी काम, मी म्हटलं, आणि वाट पाहत राहिले
होळीपर्यंत.

मग एप्रिल. सत्तेचाळीसाला टेकलेलं नागपूर,
पंख्यातून भट्टीची हवा,
आणि वाळ्याचा वास रेघेच्या पलीकडे.
तिसऱ्या रात्री तिने पायाने कूलर फिरवला
अर्धा इकडे, अर्धा तिकडे.
दोघींनाही पुरेना.
मग खाटा सरकवल्या मधोमध.
रेघ खाटेखाली गेली. कोणी पुसली, ठाऊक नाही.

पाण्याच्या पाळ्या ठरल्या: सम तारीख माझी, विषम तिची.
नळ खाली, खोली दुसऱ्या मजल्यावर.
एकतीस मे आणि एक जून लागोपाठ विषम,
ही लबाडी मी हिशेब करून केली,
असं ती अजून म्हणते.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेले तिच्यासोबत.
तिच्या घरचे चाळीसेक जण चादरी अंथरून बसलेले.
तिच्या आत्याने पेपरवर भाकर ठेवली, वर जवसाची चटणी.
मी खाल्ली. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.
घरच्या पत्रात ते लिहिलं नाही,
हे मात्र लिहायला हवं.

मग काय, ती भंडाऱ्याच्या कोषागारात, मी इथे बँकेत.
लग्नं, बदल्या, तिच्या दिनेशरावांचं जाणं,
माझ्या पोराचं बारावीला दोनदा बसणं.
माझं ऑपरेशन झालं तेव्हा आठ रात्री
ती दवाखान्याच्या बाकावर झोपली.
फॉर्मवर रकाना होता, रुग्णाशी नातं.
तिने लिहिलं: रूममेट.
सिस्टरने विचारलं, म्हणजे कोण?
"वाचता येते ना," ती म्हणाली.

यंदा एकतीस मेला ती निवृत्त झाली.
हारतुरे तसेच सोडून संध्याकाळच्या गाडीने माझ्याकडे.
ऑफिसचं कपाट रिकामं करताना सापडलं म्हणाली,
आणि पिवळा पडलेला कागद पुढे केला.
माझं अक्षर. तेव्हा मी र किती ऐटीत काढायचे.

जिन्यातच वाचला होता तिने.
अडतीस वर्षं.
मला बोलायचं होतं. जीभ उचलेना.
ती चष्मा पुसत बसली.
"देला असता तर कूलर एकटीनं भरा लागला असता मले."
मग कागद ओढून घेतला, घडी जुन्याच घडीवर बसवली,
पर्समध्ये ठेवत म्हणाली,
अगदी कोषागाराच्या आवाजात,
"दाखवलेलं कारण पुरेसं नाही.
अर्ज विचाराधीन आहे."

रात्री तिने एसी बंद करायला लावला.
आवाजच नाही, म्हणे, झोप कशी येणार.
बाल्कनीतला जुना कूलर मी पुसला,
एक बादली ओतली,
आणि दुसरी रिकामी नेऊन ठेवली
तिच्या पायाशी.