भिंतीवरचा नंबर

तामालेला मला पाठवलं ते तक्रारी मोजायला,
अक्राच्या त्या थंड खोलीतून, जिथे प्रॉक्सी सर्व्हर
रात्रंदिवस एकाच सुरात घुमतो
आणि कशावरच धूळ बसत नाही.

इथे हरमाटनची धूळ. दातांत, चहात,
वुम्बेईच्या गॅरेजमधल्या प्रत्येक नटबोल्टवर.
बसा मॅडम, म्हणाला, आणि एक टायर पुढे सरकवला.
मग फोन माझ्या हातात दिला,
आजारी कोंबडा जाणत्याच्या हाती द्यावा तसा.

रोजचे पन्नास पेसेवा.
फुटबॉलच्या बातम्यांचे, ज्या त्यानं मागितल्याच नव्हत्या.
तीन महिने.
"मी नंबर कुणालाही दिला नाही.
एका पानावर बोट लागलं, एवढंच."

ते पान मला माहीत होतं.
ते काही विचारत नाही. विचारायची गरजच
आम्ही ठेवली नाही.
तुमची विनंती निघते, टॉवरवरून, तारेतून
आमच्या खोलीत येते,
आणि पुढे जाताना तिच्या पाठीवर
एक चिठ्ठी चिकटलेली असते.
शाळेत पोरं चिकटवायची तशी:
ज्याच्या पाठीवर, त्यालाच दिसत नाही,
मागचा अख्खा वर्ग वाचतो.
आमच्या चिठ्ठीवर शिवी नसते मात्र.
बारा आकडे असतात.

त्या चिठ्ठीचा नियम माझा.
एकच ओळ. मंगळवार होता, जेवणाआधीची वेळ,
केंके आणि तळलेली मासळी गार होत होती
म्हणून दुसऱ्यांदा वाचलीसुद्धा नाही.
तेव्हा यादीत चौदा वेबसाइट होत्या.
आता किती, ते विक्रीवाल्यांना विचारावं लागेल.

माझं एक पान आहे, चाचणीचं.
त्याला जे मिळतं तेच ते परत वाचून दाखवतं.
वुम्बेईच्या फोनवर ते उघडलं.
फोनची जात. भाषा. वेळ.
आणि सगळ्यात खाली, त्याच्याच ग्रीसच्या अंगठ्याशेजारी,
तो.

"असं सगळ्याच पानांना कळतं?"
नाही, मी म्हटलं. ज्यांना कुलूप असतं
त्यांच्या आत आमचा हात पोचत नाही.
आणि वायफायवरून गेलात तर
"रात्री मी एक पान वाचतो," तो मध्येच म्हणाला,
"कुलूप होतं का, ते नाही पाहिलं."
मागच्या पडद्याआड कुणीतरी बाजरी पाखडत होतं.
सूप थांबलं. परत सुरू झालं.
कसलं पान, मी विचारलं नाही.

विचारलं ते भलतंच.
"पण तुमचा नंबर तर..." आणि भिंतीकडे बोट केलं.
माणसाएवढे निळे आकडे,
बोल्गाहून येणाऱ्या ट्रकलाही वाचता यावेत असे.

तो हसला, पण माझ्याबरोबर नाही.
"भिंत माझी आहे. रंग मी आणला.
कुठे लिहायचा नाही, हेही मीच ठरवलं.
तुमची ती चिठ्ठी कोण लावतं?"

लावली जाते, मी म्हणाले.
व्याकरणात वाक्य अगदी बरोबर होतं.
फक्त त्यात माणूस नव्हता.

परताव्याचा अर्ज भरला. सही केली.
बातम्या बंद केल्या, तो आकडा
यादीतून वगळायला अक्राला निरोप धाडला,
एक आकडा, एवढ्या लाखांतला,
आणि लाज वाटली ती त्या "एक"चीच जास्त.

निघाले तर तो डबा घेऊन भिंतीशी उभा.
गेल्या पावसात शेवटचा सात अर्धा धुऊन गेला होता,
लोकांना एक वाटायचा,
कुठल्यातरी शिंपिणीला फोन जायचे, म्हणाला, बिचारी वैतागलीय.
शिडीचा एक पाय खड्ड्यात होता.
मी बॅग खाली ठेवली, शिडी धरली.
वरून निळा थेंब माझ्या मनगटावर पडला.
तो सुकेपर्यंत मी काही बोलले नाही,
आणि मग म्हटलं:
ती चिठ्ठी, वुम्बेई, मी लावते.

ब्रश थांबला नाही.
"धरून ठेवा," तो म्हणाला, "हलते आहे."