उणे एक

मिरचीच्या दिवसांत आमच्या ऑफिसात
कीबोर्डसुद्धा शिंकतो.
पथारीवरून वारा फिरला की
स्क्रीनवर तांबूस धूळ बसते.
ओढणीच्या टोकानं पुसली की दिसतात
दोनशे चौदा नावं.
देठ खुडणाऱ्या बाया,
रोजचे किलो, आठवड्याची मजुरी.

कांतीशेठ म्हणाले, प्रत्येक नावाखाली
एक ओळ रिकामी पाहिजे, उचल लिहायला.
शनिवारच्या आत.

पहिल्या आठवड्यात हातानं घातल्या.
राइट क्लिक, इन्सर्ट.
राइट क्लिक, इन्सर्ट.
एकशेसाठाव्या नावाला मनगट बोललं, बाई, पुरे.
झिपरूआप्पा काट्यावरून ओरडले,
"आम्ही वहीत आधीच जागा सोडत होतो!"
आणि पुढचं पोतं चढवलं.

मग मॅक्रो.
क्लासात शिकलेलं अर्धं, उरलेलं
रात्री पांघरुणात मोबाइलवर.
बटण दाबलं. डबा घरघरला.
आणि जात्रीबाई वळवीच्या खाली
रिकाम्या ओळी,
रिकाम्या ओळी,
खाली सरकवत गेले तरी रिकाम्याच.
मोजल्या. दोनशे चौदा.
बाकीच्या सगळ्या, रुमाली, भुरी, टेटीबाई,
पार तळाशी, एकमेकींना चिकटून,
संध्याकाळच्या टेम्पोत उभ्या राहतात तशा.

कंट्रोल झेड दाबलं.
मॅक्रोनं केलेलं त्यानं मागे येत नाही,
हे तेव्हा कळलं.

दोष साधाच होता.
तो वरून खाली निघाला होता.
एक ओळ घातली, एक पाऊल पुढे टाकलं,
आणि पाऊल पडलं आत्ताच घातलेल्या ओळीवर.
तिथं पुन्हा एक. पुन्हा पाऊल.
स्वतःच केलेल्या रिकाम्या जागेत
चालत राहिला बिचारा,
रुमालीपर्यंत पोचलाच नाही.

त्या रात्री कोपर्लीला घरी
आई मागची खोली सारवत होती.
मी दारात उभी, डोक्यात तीच ओळ.
तिचं सुरू होतं भिंतीपासून,
हात पुढे, अंग मागे, उंबऱ्याकडे.
लहानपणी मी दारापासून सुरुवात केली होती,
आणि कोपऱ्यात अडकून बसले होते
ओलं वाळेपर्यंत.
तेव्हाचंच वाक्य तिनं आत्ताही टाकलं, सवयीनं,
"मांगे मांगे सरकवं, नहीं ते तुनाच पाय उमटतस."

सकाळी मी एकच जागा बदलली.
शेवटच्या नावापासून पहिल्याकडे.
स्टेप, उणे एक.
चहा येण्याआधी काम झालं.
प्रत्येकीच्या खाली एक ओळ, कोरी, मोकळी,
कुणाचाही पाय न लागलेली.

शनिवारी कागद काढले, शाईचा डबा उघडला.
पहिली जात्रीबाई.
तिखटानं फुगलेली बोटं, नखं लाल.
उजवा अंगठा तिनं नावापुढे लावला,
मग डावा भिजवला
आणि खालच्या कोऱ्या ओळीत ठेवला,
नीट, जरा दाबून.
मी म्हटलं, अगं, ती उचलीची आहे.
ती म्हणाली, घरी सून आली.
सोमवारपासून येईल.
तू जागा तर ठेवलीसच.

कांतीशेठ विचारतील.
नाव नाही, किलो नाहीत, रुपये नाहीत,
नुसता एक डावा अंगठा.
बेरजेला त्याचं काही नाही,
रिकामा चौकोन ती शून्यच धरते.
पण शेठना अंगठे ओळखता येतात.

ते गेल्यावर मी कोड उघडला.
दोनशे चौदा हा आकडा मीच तिथं
पक्का लिहून ठेवला होता.
तो खोडला.
आता मॅक्रो आधी स्वतः तळापर्यंत जातो,
बघतो, शेवटी कोण उभी आहे,
आणि मग तिच्यापासून
मागे मागे यायला लागतो.