करमळ घाटाच्या अलीकडे

बाळ्ळी सुटली तशी रेंजही सुटली.
मांडीवर लॅपटॉप,
फाईल चौऱ्याऐंशी टक्क्यांवर अडकलेली;
मोबाईल मी खिडकीबाहेर धरलेला,
ओला रुमाल वाळवावा तसा.
शाणूनं गाडी कडेला घेतली.
"घाटांत कांयच मेळचें ना."

एस्पेरांसाबायचं दुकान.
सोड्याच्या बाटल्या, सुके बांगडे,
वरच्या फळीवर सांत आंतोन,
त्याच्या पायाशी लुकलुकणारा राउटर.
पासवर्ड तिनं
एकेक अक्षर सोडत सांगितला:
मुलाचं नाव,
मग बोटीचं,
मग तो गेला ते साल.

"चारांक ताचो फोन येता,"
एवढंच म्हणाली,
आणि बांगड्यांवरच्या माश्या हाकत राहिली.

एक्याण्णव. त्र्याण्णव.
चारला दोन मिनिटं कमी.
सत्त्याण्णव.

मी झाकण मिटलं.
उरलेले तीन
काणकोणात बघू.