दारावरचा साप

पिठाची दोन पोती उसवून, एकाला एक शिवून
एबो क्वानसा कापड ताणायचा.
पांढऱ्याचे कितीही हात दिले
तरी गिरणीचं नाव मागून उलटं दिसत राहायचं.
मी चौदा वर्षांचा. विनेबात, समुद्राकडे पाठ केलेल्या शेडमध्ये
रॉकेलात ब्रश धुवायचो.

सिनेमा आम्ही पाहिलेला नसायचा.
व्हिडिओवाला मिस्टर आर्थर कॅसेट खिशातून काढायचा नाही.
सांगायचा एवढंच : मारामारी.
किंवा : भूत. किंवा : बायका रडतात.
एबो म्हणायचा, गोष्ट राहू दे. येणार कोण?

होडीवरची पोरं येणार असतील
तर दंड मांडीएवढे, बंदूक तिरपी,
नळी पोत्याच्या कडेबाहेर निघालेली.
मासळी धुरावणाऱ्या बायका येणार असतील
तर डाव्या कोपऱ्यात मान खाली घातलेली एक,
उजवीकडे तिचा नवरा,
आणि नवऱ्याच्या खांद्यावर तिसऱ्याच कुणाचा हात.
त्या हातातल्या बांगड्या नीट काढ, मला सांगायचा,
बायका आधी दागिने बघतात, मग आसवं.
भुताला हिरवा. जांभळा नाही, जांभळा चर्चचा.
पण खाली थोडी नरकाची आग काढलीस
तर पास्टर आपणहून अख्खी मंडळी घेऊन येतो.

नाव सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत.
नाव वाचत बसणारे तिकीट काढत नाहीत,
असं त्याचं ठाम मत.

एकदा आर्थर तापाने पडला. कॅसेट आमच्याकडे राहिली.
एबोने ती मेहुणीच्या घरी लावून पाहिली.
एक म्हातारा, एक घर, न येणारं पत्र.
कुणी मरत नाही.
एक कुत्रं आहे, तेही म्हातारं.

परत आला तो कुणाशी बोलला नाही.
पिवळा घट्ट कालवला म्हणून मला मात्र बोल लावले.
तीन दिवस त्याने एक दार रंगवलं.
चार बोटं उघडं.
बाकी पोतं रिकामं.

अकरा जण आले. तिकिटं मीच फाडत होतो, म्हणून आकडा पक्का.
त्यातली एक अराबा,
जिचा मुलगा लेगोसला गेला तो गेलाच.
ती दुसऱ्या खेळालाही बसली, पुन्हा पैसे मोजून.

सकाळी आर्थर आला, ताप अजून डोळ्यांत.
दार? दार तर ज्याच्या त्याच्या घरी आहे!
एबोने वाद घातला नाही.
हिरवा घेतला, काळा घेतला,
वरच्या बिजागरीपासून उंबऱ्यापर्यंत
एक साप सोडला, जीभ लालभडक.

संध्याकाळी एकशे चाळीस.
सिनेमात साप नव्हताच.
संत्र्यांच्या साली पडद्यावर गेल्या,
कोणीतरी ओरडलं, साप कुठाय?
आर्थर मागून : पुढच्या भागात!

एबोला जाऊन नऊ वर्षं झाली.
गेल्या वर्षी एक डच बाई आली, हातमोजे घालून.
पोतं माझ्या अंगणात पसरलं, गुडघ्यांवर बसली,
आणि विचारलं, हा साप कशाचं प्रतीक?
मोह? मृत्यू?
मी म्हटलं, एकशे चाळीस तिकिटांचं.
ती हसली. वहीत लिहूनही घेतलं.

मग मी पोतं उचलून उन्हात धरलं, तिला नव्हे, मलाच बघायला.
साप जाड, त्याच्या आरपार काही दिसत नाही.
दाराच्या फटीत मात्र एबोने रंग
इतका पातळ लावलेला
की ऊन तिथूनच येतं.

पैसे बरे दिले तिने. छपराचे पत्रे बदलले.
पोतं घडी घालू नका, एवढं सांगितलं,
गुंडाळून न्या, रंगाची बाजू बाहेर,
नाहीतर तडकतो.
तेही त्याचंच शिकवणं.