पूल उघडा असताना

दिवसातून दहा वेळा त्याच्या खिशात काहीतरी थरथरायचं.
हातातलं काम टाकून, नव्वद सेकंदांच्या आत,
त्यानं सांगायचं: आत्ता, या क्षणी,
मी एकटा आहे, एक ते सात.
मी समाधानी आहे, एक ते सात.
करतोय तेच करावंसं वाटतंय, एक ते सात.
सहा दिवसांसाठी उसना फोन, आणि शेवटी
तीस युरोंचं कूपन.

ओडील फेर्मेर्श, वय एकसष्ट.
गेंटच्या उत्तरेला कालव्यावर एक उचलपूल आहे,
त्याचा राखणदार.
माझ्या तक्त्यात नुसताच सत्तेचाळीस.

चार. चार. रिकामं. चार.
चार. रिकामं. रिकामं. रिकामं. चार.

नियम साफ आहे: एक तृतीयांशाहून कमी उत्तरं, तर माणूस गाळायचा.
साठांपैकी एकोणीस दिली त्यानं.
एक कमी पडलं.

शेवटच्या मुलाखतीला आला तेव्हा
त्याच्या जाकिटाला ग्रीसचा वास होता.
कॉफीचा कागदी पेला त्यानं दोन्ही हातांनी धरला,
पाखरू धरावं तसा.
मी विचारलं, एवढी रिकामी का?
म्हणाला, पूल वर होता.
खालून वाळूचा पडाव जात असताना
लिव्हरवरचा हात काढत नाहीत, पोरी.

आणि हे सगळे चार?
त्यानं अंगठा दाखवला. कधीतरी चेंगरलेला, रुंद, नख काळं.
कडेचे आकडे दाबायला गेलो की शेजारचाच दाबला जातो.
मधला सापडतो.

(माझ्या प्रबंधात या अंगठ्यासाठी
एक भारदस्त शब्द आहे: मध्यकलाची प्रवृत्ती.)

मग जरा वेळानं, मी रेकॉर्डर बंद केल्यावर:
तुमचं यंत्र यायच्या आधी मी केबिनमध्ये असायचो.
बस, असायचो.
त्यानं विचारलं एकटा आहेस का,
तेव्हा मी पहिल्यांदा मागे वळून बघितलं.
खुर्ची एकच आहे तिथे.
बावीस वर्षं एकच आहे.

मग सात का नाही लिहिलंत?
सात लिहिलं असतं तर कुणीतरी फोन केला असता,
आणि मग त्याच्याशी बोलावं लागलं असतं.

मी हसले. तो नाही हसला.
की हसला? टिपणात तसं काहीच नाही.

आम्हाला शिकवलंय, माणसाला त्याच्याबद्दल विचारणं म्हणजे
अंदाजपंचे दाहोदरसे नव्हे, ते एक माप आहे,
त्याला विश्वासार्हता असते, दशांश चिन्हानंतर दोन घरं.
पण सुताची लांबी मोजायची
तर आधी ते ताणावं लागतं,
आणि ताणलेलं सूत
परत रिळावर पूर्वीसारखं बसत नाही,
हे शिकवताना बहुतेक मी वर्गात नव्हते.

प्राध्यापक हिल्डेगोंडा म्हणाल्या, गोष्ट छान आहे.
गोष्टी परिशिष्टातसुद्धा जात नाहीत, लिसेलोट.

मी ओळ निवडली. संगणकानं विचारलं, नक्की?
हो, किंवा नाही.
मधलं काही नव्हतं.
हो दाबलं. सेहेचाळीसच्या खाली अठ्ठेचाळीस आला
आणि तक्ता जुळला.

त्या संध्याकाळी सायकलवरून मुद्दाम लांबच्या रस्त्यानं गेले.
घंटा वाजली, लाल दिवे, फाटक पडलं,
रस्ताच उभा राहिला समोर, डांबर आकाशाला लावून.
काचेच्या केबिनमध्ये कुणीतरी पाठमोरं.
तोच असेल, किंवा त्याची पाळी नसेल आज.
पलीकडे एक बाई कुत्र्याला डच भाषेत समजावत होती
की पूल खाली यायला वेळ लागतो.

माझ्या खिशात थरथरलं.
पुढच्या अभ्यासाची प्रश्नावली, आधी स्वतःवर करून बघायची असते.
आत्ता, या क्षणी.

नव्वद सेकंद.
मी हँडलवरचा हात काढला नाही.
खडी भरलेला पडाव होता, आणि
चांगलाच लांब.